त्यांच्या हरळीला रंग, आमच्या पऱ्हाटीला अंदाज

हरळीचे नाव काढले की आपल्याकडे शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. गणपतीला वाहायच्या एकवीस दूर्वा, बाकीची सगळी कुदळीने खणायची, वेचायची, धुऱ्यावर वाळवून जाळायची. आणि पहिल्या पावसाला ती पुन्हा हजर. हीच हरळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गोल्फच्या मैदानांवर लाडाने वाढवतात. जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचे गाव आहे, मुलूख कापसाचाच. तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन या पैदासकाराने हरळीचे संकर करून १९५६ ते १९६५ या काळात टिफग्रीन, टिफवे, टिफड्वार्फ असे मैदानी वाण काढले. हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. त्याच्याच केंद्रातली टिफ्ट २३ ए ही बाजरीची मादी-ओळ लुधियानाला आली आणि तिच्यावरून १९६५ मध्ये एचबी-१ ही आपल्या देशातली पहिली संकरित बाजरी निघाली. एका हाताने त्याने आपल्या भाकरीची सोय केली, दुसऱ्या हाताने तिकडच्या हौशी लोकांच्या चेंडूची.

तर या हरळीतही तण होतेच. आपला लव्हाळा तिथेही आहे. तो मारायला तणनाशक आले. पण मैदानावर तणनाशक मारणाऱ्याची एक मोठी पंचाईत असते. गवत सगळीकडे सारखे हिरवे. तास नाही, ओळ नाही. कुठवर मारले आणि कुठून पुढे मारायचे ते कळत नाही. औषध पाण्यात मिसळले की पाण्यासारखेच दिसते. मधे एक पट्टा सुटला तर तिथे तण तसेच उभे राहते. एकाच पट्ट्यावर दोनदा मारले तर गवत पिवळे पडते आणि पंधरा दिवसांनी सगळ्या जगाला दिसते. तेव्हा त्यांनी काय केले? टाकीत निळा रंग टाकला. पाण्यात विरघळणारा, पंपाच्या नोझलमध्ये न अडकणारा, ऊन-पावसाने एक-दोन दिवसांत उडून जाणारा. फवारले तिथे गवत निळसर दिसते, सुटले तिथे हिरवे. नोझल तुंबले की निळ्यात हिरवी रेघ पडते, त्याच क्षणी कळते. वाऱ्याने तुषार फुलझाडांकडे गेले तर फुलझाडांवर निळे ठिपके दिसतात. मोठी यंत्रे असतील तिथे रंगाऐवजी फवाऱ्याच्या टोकाशी फेसाचे पांढरे गोळे टाकत जातात; काम तेच.

रंगात औषधी गुण काहीही नाही. तो तण मारत नाही, पीक वाढवत नाही. तो फक्त दाखवतो. ज्या गवताला बोंड लागत नाही, कणीस लागत नाही, त्या गवतासाठी तिकडचा माणूस दाखवण्यापुरत्या रंगावर पैसे खर्च करतो, कारण पट्टा सुटला तर त्याला जाब विचारणारा मालक आहे. आमच्या शेतात पट्टा सुटला तर जाब कोण कोणाला विचारणार? मालकही आम्हीच, गडीही आम्हीच, आणि नुकसानही आमचेच. म्हणून कुणी विचारतच नाही.

हा विषय या अंकात घेण्याचे कारण असे. निंदणाला बाया मिळत नाहीत, डवरणीला बैल राहिले नाहीत, आणि पाऊस लागून राहिला की पंधरा दिवस वावरात पाय घालता येत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याने तणनाशक हौसेने घेतलेले नाही. शेतकरी चळवळीने त्याची बाजू उघडपणे घेतली. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला चळवळीतल्या शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारी कपाशी जाहीरपणे पेरली आणि गुन्हे अंगावर घेतले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, ही आमची भूमिका आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. पण कबूल करायला हवे की बियाण्यासाठी आम्ही जेवढे बोललो त्याच्या दहाव्या हिश्शानेही फवारणीबद्दल बोललो नाही. पिशवी फोडायचे धैर्य दाखवले. पंपाचे नोझल उघडून पाहायचे मात्र राहून गेले.

आणि सरकारचे उत्तर काय? २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्राने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच मारावे. म्हणजे शहरात वाळवी-झुरळे मारण्याचा परवाना असलेला माणूस पांढरकवड्याच्या किंवा बार्शीटाकळीच्या वावरात येऊन आमच्या तासातले तण मारणार! तालुक्याला असा एक तरी माणूस कुणी पाहिला असेल तर आम्हाला कळवावे, त्याचा सत्कार करू. शेतकऱ्याला समजत नाही, म्हणून त्याच्या हातून वस्तू काढून घ्या, हे दिल्लीचे जुने शास्त्र आहे. समजत नसेल तर समजावून सांगण्याचा खर्च कुणी करत नाही. या शास्त्राला सभेतल्या भाषणाने उत्तर देता येईल, पण त्याहून पक्के उत्तर वावरात देता येते. आमच्यापैकी प्रत्येकाने आपले तुषार कुठे पडतात ते स्वतःच्या डोळ्याने पाहिलेले असले, तर परवान्याची भाषा करणाऱ्याला बोलायला जागा उरत नाही.

गेल्या हंगामात एका गावच्या बैठकीत आम्ही हा प्रयोग करून पाहिला. औषध नाही, नुसते पाणी. त्यात किराणा दुकानात मिळणारा खाण्याचा निळा रंग घातला. बर्फगोळ्यावर टाकतात तोच. मैदानावर वापरतात त्यातला एक प्रचलित रंग आणि हा खाण्यातला निळा, दोन्ही एकच रसायन आहे, ब्रिलियंट ब्लू. वावरात दोन तासांच्या मधे मांजरपाटाचे पांढरे पट्टे अंथरले, कडेला गोटे ठेवले. गावातल्या चांगल्या फवारणाऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाचजणांना आपापला पंप घेऊन नेहमीप्रमाणे फवारायला सांगितले.

कापड पाहिल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. दांडी डावी-उजवीकडे हलवत चालायची आपली सवय. त्यामुळे कापडावर नागमोडी पट्टा उमटला. वळणाच्या आतल्या बाजूला गडद निळे, दोन वळणांच्या मधे कोरी त्रिकोणी जागा. एकाच्या पंपातून नुसता धुरळा उडत होता. कीटकनाशकाचे बारीक थेंबाचे नोझल त्याने तणनाशकालाही तसेच ठेवले होते. कापडावर रंग थोडा, धुऱ्यावरच्या बोरीवर जास्त. एकाचा खटका सोडला तरी थेंब गळत होते, वळणावर दर वेळी निळा डाग. पाचवा गडी वयस्क. तो दांडी न हलवता, नोझल गुडघ्याच्या थोडे खाली एका उंचीवर धरून, एका चालीने गेला. त्याचा पट्टा सगळ्यांत सरळ. कुठे शिकला विचारले तर म्हणाला, हात दुखतो म्हणून हलवत नाही.

मग पाय पाहिले. दांडी समोर हलवत चालणारा माणूस आत्ताच फवारलेल्या ओल्या तणातून पुढे जातो. चौघांच्या पोटऱ्या गुडघ्यापर्यंत निळ्या. दोघांच्या पाठीला कमरेपर्यंत रंग, कारण पंपाच्या झाकणाची चकती झिजलेली. हे सगळे हसण्यावारी चालले होते. तेवढ्यात पाणी आणून देणारी आणि रंग ढवळणारी बाई पुढे आली आणि तिने हात पसरले. कोपरापर्यंत निळे. "म्या त पंप हाती बी नाही धरला," ती म्हणाली. त्यानंतर कुणी हसले नाही.

फवारणी कोण करतो, असे सरकारी अधिकाऱ्याने विचारले की आपण गड्याचे नाव सांगतो. पाणी भरणारी, औषध ढवळणारी, संध्याकाळी फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुणारी बाई हिशेबात येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती विषे कीटकनाशकांची होती, तणनाशकाची नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण पंप तेच, झिजलेल्या चकत्या त्याच, आणि त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली. ती माणसे मेली तेव्हा हातमोजे का घातले नाहीत, असे विचारणारे पुष्कळ निघाले. विष अंगावर नेमके कुठे पडते ते त्यांना कधी कुणी दाखवले होते का, असे विचारणारा निघाला नाही.

दाखवता येते. अमेरिकेत रिचर्ड फेन्स्के यांनी १९८० च्या दशकापासून फवारणीच्या पाण्यात चमकणारा पदार्थ मिसळून, अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली मजुरांची कातडी तपासण्याची पद्धत बसवली. तो पदार्थ कपड्याला सफेदी आणणाऱ्या चकाकीच्या जातीचा. कपडे धुण्याच्या पुष्कळशा पावडरींत तशी चकाकी असते आणि दुकानदाराकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. अट इतकीच की हात-पाय-मान उघडी पाहायची. धुतलेला सदरा आधीच चमकत असतो, त्यावरून काही कळायचे नाही.

आणखी एक पुरावा तर आपल्या घरातच आहे. कपाशी पेरल्यावर उगवणीपूर्वी जे पेंडीमिथॅलिन मारतात ते पिवळे-नारिंगी असते. ते मारल्यावर बोटे पिवळी होतात, साबणाने निघत नाहीत. दर वर्षी ती बोटे पाहतो आणि विसरतो. ग्लायफोसेटला तसा रंग नाही म्हणून ते अंगावर पडत नाही असे थोडेच आहे!

आता हिशेबाचे. दुकानदार पंपाला किती टोपणे टाकायची ते सांगतो आणि आपण तेच पाळतो. शिफारस मात्र एकरी असते. एका माणसाची चाल जलद, दुसऱ्याची मंद, एकाचे नोझल नवे, दुसऱ्याचे झिजून भोक मोठे झालेले. मग एकरात पंप किती लागतील ते सारखे कसे असेल? ते काढायला शाळा लागत नाही. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. दोरीने आखा, पंपात मोजून साधे पाणी घाला, नेहमीच्या चालीने तेवढाच गुंठा फवारा, उरलेले पाणी मोजा. संपले त्याला चाळीसने गुणा. एकाचे अडीच लिटर संपले तर एकरी शंभर लिटर, दुसऱ्याचे पाच संपले तर दोनशे. दोघांनी पंपामागे सारखीच टोपणे टाकली तर दुसऱ्याच्या शेतात औषध दुप्पट पडले, आणि दुप्पट पैसेही गेले. रंग फवारा सारखा पडला की नाही ते दाखवतो. किती पडला ते तो सांगणार नाही. त्यासाठी हा गुंठाच मोजला पाहिजे.

यातच मजुरीचा प्रश्न आहे, आणि तो आपल्यातलाच असल्याने कुणी काढत नाही. बऱ्याच गावांत फवारणीची मजुरी पंपामागे ठरते. मजुराचा फायदा पंप लवकर रिकामा होण्यात, मालकाचा पंप कमी लागण्यात. मग मजूर नोझलचे भोक मोठे करतो आणि मालक पाण्यात औषध वाढवतो. दोघेही आपापल्या परीने शहाणे, आणि दोघांच्या शहाणपणात मरते ते पीक. एकरावर मजुरी ठरली आणि काम रंगावरून पाहिले गेले, तर भांडण मिटेल असे आम्हाला वाटते. ज्या गावांना पटेल त्यांनी या हंगामात करून पाहावे.

सगळ्यांत नाजूक गोष्ट ज्वारीवाल्यांची. ज्वारीत रुंद पानाच्या तणावर, टारफुल्यावर, २,४-डी मारतात. ज्वारी गवतवर्गातली, ती सहन करते. कपाशी मात्र २,४-डीला इतकी हळवी आहे की वाऱ्याने आलेले तुषारही तिला पुरतात. पाने लांबट, अरुंद, भेंडीच्या पानासारखी चिरलेली येतात, शेंडा मुरडतो, पात्या गळतात. शेतकरी त्याला रोग समजून आणखी एक फवारा मारतो. आपल्याकडे ज्वारी आणि कपाशी धुऱ्याला धुरा लावून असतात. कित्येकदा एकाच भावकीत. टाकीत रंग असेल तर शेजाऱ्याच्या पऱ्हाटीवर निळे ठिपके पडतील आणि भांडण होईल, अशी भीती आमच्या एका मित्राने बोलून दाखवली. भांडण आजही होते, फक्त पंधरा दिवसांनी होते, आणि तेव्हा कुणाकडेच पुरावा नसतो. ठिपके त्याच घटकेला दिसले तर फवारा थांबवता येतो. अमेरिकेत तणनाशक शेजाऱ्याच्या पिकावर गेल्याच्या वादात आर्कान्सा आणि मिसुरीच्या सीमेवर २०१६ मध्ये एका शेतकऱ्याचा गोळी लागून जीव गेला. आपल्या धुऱ्यावरचे वाद गोळीपर्यंत जात नसतील, पण कोर्टापर्यंत जातात, आणि तीन पिढ्या चालतात.

पण रंगाची मर्यादाही सांगून टाकतो, नाही तर उद्या आमच्यावर बोट यायचे. रंग थेंबाबरोबर जातो. वाफेबरोबर जात नाही. २,४-डीचा एस्टर हा प्रकार उन्हात वाफ होऊन दूर जातो, त्याला रंग काही करू शकत नाही. कपाशी शेजारी असेल तर एस्टर नकोच. अमाइन किंवा सोडियम क्षार, तेही वारा पडलेला असताना. दुसरे, आपल्या काळ्या ओल्या जमिनीवर निळा दिसत नाही. पेरणीनंतर उगवणीपूर्वी मारायच्या औषधाला, ज्वारीतल्या अॅट्राझिनसारख्या, तो निरुपयोगी आहे; तिथे दोरी आणि टोकाला रोवलेली काडीच बरी. आणि तिसरे, रंग धुऊन निघाला म्हणजे पंप स्वच्छ झाला असे समजू नये. २,४-डीचा पंप वेगळाच ठेवावा. रंग लागून निळा पडलेला पंप पाहिला की घरातले पोरही सांगेल, हा पऱ्हाटीला न्यायचा नाही.

पोरांचेच आणखी एक. निळे गोड दिसणारे पाणी बाटलीत राहिले तर लहान मूल ते सरबत समजेल. पॅराक्वाटमध्ये कारखानदारांनी रंग आणि उग्र वास घातला तो माणसाने चुकून पिऊ नये म्हणून. आपण सरावासाठी खाण्याचा रंग वापरणार, म्हणून काळजी आपणच घ्यायची. उरलेले पाणी तिथेच वावरात ओतायचे. आणि तूर्त सराव फक्त साध्या पाण्याचा. औषधात स्वतःच्या मनाने रंग मिसळू नये. कोणत्या औषधाबरोबर कोणता रंग किती, हे अकोला, परभणी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांनी आपल्या जमिनीत, आपल्या पाठीवरच्या पंपाने तपासून सांगावे. आम्ही त्याच विद्यापीठांतून शिकलो आहोत. एका हंगामात होणारे काम आहे हे आम्हाला ठाऊक आहे. आणि मग कंपन्यांनी तणनाशकाच्या प्रत्येक डब्याबरोबर रंगाची पुडी द्यावी. टोपी आणि पिशवी फुकट देता येते, तर पुडी का नाही?

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपला रोजच्या वापरातला एक पंप आणावा. धुऊन-पुसून, नवे नोझल लावून आणू नये. आहे तसाच आणावा, पण आतून तीन पाण्याने धुतलेला असावा. जुने पांढरे धोतर किंवा चादर सोबत असू द्यावी. रंग आणि दोरी आम्ही आणू. गड्यांबरोबर पाणी भरणाऱ्या बायांनीही यावे. पंप पहिल्यांदा त्यांच्या हाती देऊ. सभेची भाषणे दुपारनंतर होतील, सकाळी वारा पडलेला असतो तेवढ्या वेळात हे काम उरकू.